बस सोडायची की अडवायची? अमेरिकेतील शालेय बस मेकॅनिकचे काम

अमेरिकेत शाळा भरण्याच्या कितीतरी आधी, पहाटे चार-साडेचारच्या सुमारास शालेय बसच्या आगारात दिवे लागतात. रात्रभर उघड्यावर उभ्या असलेल्या डिझेल बस सुरू होतात की नाही, ब्रेकच्या टाक्यांत हवेचा दाब भरतो की नाही, हे पाहणारा मेकॅनिक तेथे अनेकदा चालकांच्याही आधी पोहोचलेला असतो. त्याने एखादी बस अडवली आणि राखीव बस शिल्लक नसली, तर त्या फेरीतील मुले थंडीत थांब्यावर ताटकळतात. सदोष बस जाऊ दिली, तर काय होऊ शकते हे त्याला ठाऊक असते.

तेथील सार्वजनिक शाळांचा कारभार ‘स्कूल डिस्ट्रिक्ट’ या स्थानिक मंडळांकडे असतो. आपल्याकडील महसुली जिल्ह्याशी या शब्दाचा संबंध नाही. अशी सुमारे १३ हजार मंडळे असून शिक्षक नेमण्यापासून मुलांची ने-आण करण्यापर्यंतची जबाबदारी त्यांची असते. काही मंडळे बससेवा कंत्राटदाराला देतात, तर अनेकांच्या स्वतःच्या बस आणि स्वतःची कार्यशाळा असते. देशभरात पाच लाखांच्या घरात असलेल्या या पिवळ्या बसमधून सुमारे अडीच कोटी विद्यार्थी प्रवास करतात.

बसचा हा पिवळा रंग १९३९ मध्ये ठरला. न्यूयॉर्कमधील टीचर्स कॉलेजचे प्राध्यापक फ्रँक सीर यांनी बोलावलेल्या परिषदेत रंगासह बसच्या बांधणीचे निकष निश्चित करण्यात आले. मात्र मेकॅनिकच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची तारीख १ एप्रिल १९७७ ही आहे. छताची मजबुती, पत्र्यांचे जोड, आसनांची रचना व इंधनटाकीचे संरक्षण यांविषयीचे संघीय नियम त्या दिवसापासून शालेय बसला लागू झाले.

त्या नियमांचे मोल ११ वर्षांनी कळले. केंटकी राज्यातील कॅरोल्टनजवळ १४ मे १९८८ रोजी मद्यधुंद चालकाचा पिकअप ट्रक चुकीच्या दिशेने येऊन एका बसवर आदळला. चर्चच्या मालकीची ती बस पूर्वी शालेय बस होती आणि नवे नियम लागू होण्याच्या काही दिवस आधी तयार झाली होती. धडकेत इंधनटाकी फुटून आग लागली, पुढचे दार निकामी झाले आणि मागच्या एकमेव संकटकालीन दाराकडे सर्वांची झुंबड उडाली. २७ जणांचा मृत्यू झाला, त्यांत बहुसंख्य मुले होती. संकटकालीन दाराची कडी सहज फिरते का, दार उघडताच चालकापाशी बझर वाजतो का, छतावरील झडप अडकत तर नाही ना, या तपासण्या कंटाळवाण्या वाटल्या तरी टाळता येत नाहीत, त्या यासाठीच.

ट्रकदुरुस्तीत मुरलेल्या कारागिरालाही येथे बरेच नव्याने शिकावे लागते. इंजिन आणि सांगाडा बहुधा ट्रकसारखाच असतो; पण बाहेर येणारी ‘स्टॉप’ पाटी, पिवळे-तांबडे लुकलुकणारे दिवे, चाकाच्या खुर्चीसाठीचा उद्वाहक यांची जोडणी वेगळी असते. मोठ्या शालेय बसमध्ये आसनपट्टे संघीय नियमाने सक्तीचे नाहीत. जवळजवळ बसवलेली, उंच पाठीची, जाड गादीची आसनेच धक्का झेलतात. त्यामुळे फाटलेल्या आसनातून बाहेर आलेला स्पंज ही केवळ दिसण्याची बाब उरत नाही.

ब्रेकच्या बाबतीत तडजोड नसते. एअर ब्रेकच्या नेहमीच्या चाचणीत इंजिन बंद करून पेडल दाबून धरतात. मिनिटाला दर चौरस इंचामागे तीन पौंडांहून अधिक दाब घटला, तर गळती शोधावी लागते. दाब सुमारे ६० पौंडांवर येण्याआधी चालकाला इशारा मिळायला हवा. राज्यांचे निरीक्षकही तपासणी करतात. न्यूयॉर्कमध्ये ती दर सहा महिन्यांनी होते.

अलीकडे मात्र या कारागिरांचा बराच वेळ धुरात जातो. नव्या डिझेल बसच्या धुराड्यातील गाळणी काजळी अडवते आणि पुरेशी उष्णता मिळाल्यावर ती जाळून टाकते. शालेय बस चारशे मीटर धावते, थांबते, पुन्हा धावते. धूर हवा तितका तापतच नाही, गाळणी तुंबते आणि इंजिनाची शक्ती कमी केली जाते. पर्यावरण राखण्यासाठी बसवलेले यंत्र याच वाहनाला सर्वाधिक जाचावे, हा विरोधाभासच म्हणायचा. संघीय सरकारने २०२१ च्या पायाभूत सुविधा कायद्यात स्वच्छ शालेय बससाठी पाच वर्षांत पाच अब्ज डॉलरची तरतूद केली. विजेवरील बसमध्ये गाळणी नाही. परंतु नारिंगी आवरणाच्या उच्चदाब तारांना हात लावण्यापूर्वी प्रवाह तोडणे, विद्युतरोधक हातमोजे घालणे आणि त्यासाठी प्रशिक्षण घेणे आवश्यक ठरते.

या कामासाठी ‘एएसई’ संस्थेची शालेय बसविषयक स्वतंत्र प्रमाणपत्रे आहेत. ती दर पाच वर्षांनी नव्याने मिळवावी लागतात. मालवाहतूक कंपन्या अनेकदा अधिक वेतन देतात. मंडळांकडे निवृत्तिवेतन, आरोग्यविमा आणि ठरलेल्या वेळा हे आकर्षण असते. मोठी दुरुस्ती उन्हाळी सुटीत उरकली जाते. बस चालवून पाहावी लागत असल्याने अनेक मेकॅनिककडे प्रवासी वाहतुकीचा परवानाही असतो. चालकांची टंचाई असलेल्या मंडळांत त्याचा परिणाम असा, की सकाळी एखादा चालक आला नाही, तर मेकॅनिकच हात पुसून फेरीवर निघतो आणि दुरुस्तीसाठी उघडलेली बस तो परत येईपर्यंत तशीच उभी राहते.