विषारी पाला आणि गोठ्यातले गैरसमज

धोतरा, बेशरम, खुळखुळा. बांधावर, ओढ्याकाठी वाढणाऱ्या या वनस्पतींत अल्कलॉइड नावाची नत्रयुक्त रसायनं असतात. बहुतेक कडू, आणि थोड्या मात्रेतही घातक. त्यांच्याबद्दलचे चार समज तपासून पाहू.

गैरसमज १: जनावराला विषारी पाला कळतो, ते तोंड लावत नाही.
वस्तुस्थिती: पोट भरलेलं जनावर कडू पाला टाळतं, हे खरं. पण ऐन उन्हाळ्यात हिरवी म्हणून बेशरमच उरली, की शेळ्या तिच्याकडे वळतात आणि काहींना तिची चटक लागते. तिच्यातलं स्वेनसोनिन पेशींतलं एक एन्झाइम बंद पाडतं. अर्धवट तुटलेल्या शर्करा साचून चेतापेशी बिघडतात, जनावर झोकांड्या खातं. गंमत म्हणजे हे विष बनवते ती बेशरमच्या आत राहणारी बुरशी. आणि कुट्टीत मिसळलेला धोतरा तर जनावराला निवडून टाकताही येत नाही.

गैरसमज २: पाला वाळला की विष उतरतं.
वस्तुस्थिती: कोवळ्या ज्वारीच्या बाबतीत हे बऱ्याच अंशी खरं. तिच्यातून तयार होणारं हायड्रोसायनिक आम्ल वाळताना उडून जातं. अल्कलॉइड तसे उडत नाहीत. धोतरा, खुळखुळा वाळले तरी विषारीच.

गैरसमज ३: शेळीला पचलं, म्हणजे गाईलाही पचेल.
वस्तुस्थिती: खुळखुळ्यातली पायरोलिझिडिन अल्कलॉइड शेळ्या-मेंढ्या गाई-घोड्यांपेक्षा जास्त सोसतात. अनेक सशांच्या रक्तात धोतऱ्यातलं अ‍ॅट्रोपिन तोडणारं एन्झाइम असतं, म्हणून ते धोतरा खाऊनही तगतात. एकाची सहनशक्ती दुसऱ्याला लागू होत नाही.

गैरसमज ४: विष असतं तर त्याच दिवशी कळलं असतं.
वस्तुस्थिती: धोतऱ्याचं कळतं. काही तासांत बाहुल्या मोठ्या होतात, तोंड कोरडं पडतं, पोट फुगतं. खुळखुळ्याचं मात्र उशिरा कळतं. त्यातल्या अल्कलॉइडचं खरं विष यकृतातच तयार होतं आणि यकृतच निकामी करतं. खंगणं, कावीळ दिसेपर्यंत काही वेळा महिने उलटलेले असतात.

शंका आली तर तो चारा लगेच थांबवा. तेल-ताक बळजबरीने पाजू नका. फुप्फुसात गेलं तर न्यूमोनिया होतो. पशुवैद्यकांना बोलवा आणि खाल्लेल्या झाडाची फांदी त्यांना दाखवा. कण्हेरही विषारीच, पण तिचं विष अल्कलॉइड नसून हृदयावर घाला घालणारं ग्लायकोसाइड आहे. झाड कोणतं हे कळलं, तरच योग्य उपचार वेळेत सुरू होतो.