नोंदींची साखळी : सभासदापासून ऊसबिलापर्यंत

ऊसबिल कॉम्प्युटरवर निघतं, पण आपल्या उसाचं वजन आपल्याच बिलात येईल याचा भरवसा काय, असं सभासद विचारतात. त्याचा खुलासा आम्ही इथं करीत आहोत.

कॉम्प्युटरमधील माहिती एकमेकांशी जोडलेल्या तक्त्यांत ठेवण्याची पद्धत ई. एफ. कॉड यांनी १९७० साली मांडली. आपल्या कामाचे ५ तक्ते धरू : सभासद, ऊस नोंद, तोडणी चिठ्ठी, वजन पावती आणि ऊसबिल. प्रत्येक तक्त्यात त्याच्या आधीच्या तक्त्यातील नोंदीचा क्रमांक लिहितात. यालाच ‘फॉरेन की’ म्हणतात. आधीच्या तक्त्यात नसलेला क्रमांक कोणी भरू लागला, तर कॉम्प्युटर तो घेतच नाही. थोडक्यात, नोंदीशिवाय चिठ्ठी नाही, चिठ्ठीशिवाय पावती नाही आणि पावतीशिवाय बिल नाही.

खरी अडचण येते ती नोंद खोडताना. ‘कॅस्केड’ नियम लावला, तर एक नोंद खोडताच तिच्यावर टेकलेल्या पुढच्या नोंदीही जातात. सगळ्याच कड्यांना हा नियम लावला आणि मयत सभासदाचं नाव कोणी खोडलं, तर त्याच्या उसाच्या पावत्या आणि बिलंही पुसली जातील. मग वारसांनी पैसे मागायचे कशाच्या आधारावर? ‘रिस्ट्रिक्ट’ नियमात मात्र पुढं एक जरी नोंद असली, तरी मागची खोडता येत नाही.

म्हणून ऊस नोंद ते चिठ्ठी या कडीला कॅस्केड चालेल. चुकीची ऊस नोंद रद्द केली, की तिच्या न वापरलेल्या चिठ्ठ्या आपोआप जातात. पण चिठ्ठी ते पावती या कडीला रिस्ट्रिक्टच हवा. एका जरी गाडीचं वजन काट्यावर झालं असेल, तर सगळी खोडाखोड अडते. ऊस नोंद आणि चिठ्ठ्याही जागेवर राहतात. बाकीच्या कड्यांनाही रिस्ट्रिक्टच असावा. मयत सभासदाचं नाव न खोडता सभासदत्व संपल्याची तारीख आणि वारसाची नोंद घालावी.

आणखी २ गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. क्रमांकाचा रकाना रिकामा सोडला, तर फॉरेन की काहीच तपासत नाही. म्हणून तो सक्तीचा करावा लागतो. दुसरं, क्रमांक आधीच्या तक्त्यात आहे एवढंच कॉम्प्युटर बघतो. तो तुमचाच आहे का, हे त्याला कळत नाही. शेजाऱ्याच्या उसाचा क्रमांक पडला, तरी साखळी शाबूतच दिसते.

तेव्हा पावती हातात आली, की नाव, नोंद क्रमांक आणि वजन तिथंच वाचून घ्या. चूक दिसली तर बिलाची वाट न पाहता शेतकी ऑफिसात कळवा.