‘एका तासापूर्वी’ येतं कुठून?

बातमीखाली ‘एका तासापूर्वी’ असं लिहिलेलं असतं. थोड्या वेळाने पाहावं, तर ‘२ तासांपूर्वी’! संपादक काही दर तासाला येऊन ते बदलत नाही. मग यंत्राला आपलं सामान्यरूप शिकवलं कुणी?

याचं एक उत्तर ‘मोमेंट’मध्ये सापडतं. संकेतस्थळांसाठी वापरल्या जाणाऱ्या जावास्क्रिप्ट भाषेत तारीख-वेळ हाताळणारी ही तयार कोडची लायब्ररी २०११ मध्ये आली. कोड सगळ्यांना खुला, आणि आत भाषागणिक वेगळी फाइल. मराठीचीसुद्धा! इंग्रजीत ‘ॲन अवर’पुढे ‘अगो’ ठेवलं की झालं. आपल्याकडे? ‘एक तासपूर्वी’ म्हणून बघा, कानाला खटकतं. म्हणून मराठी फाइलमध्ये दोन-दोन रूपं आहेत. नुसतं सांगायचं तर ‘एक महिना’, पुढे काही जोडायचं तर ‘एका महिन्या’. हे ‘एका महिन्या’, ‘एका तासा’ कोडमध्ये तसेच अर्धवट उभे असतात, ‘पूर्वी’ किंवा ‘मध्ये’ येऊन चिकटेपर्यंत.

हे लिहायला कुणाची नेमणूक लागत नाही. कोडची आपली प्रत काढायची, बदल करायचा आणि ‘हा घ्या’ म्हणून पुल रिक्वेस्ट पाठवायची. सोबत चाचण्याही हव्यात. गंमत अशी, की जवळपास साऱ्या भाषांच्या चाचण्या एकाच क्षणाभोवती फिरतात: १४ फेब्रुवारी २०१०, दुपारचे ३ वाजून २५ मिनिटं ५० सेकंद. मराठी फाइलने त्यावर ‘रविवार’ आणि ‘दुपारी’ म्हटलं पाहिजे, आकडेही देवनागरीत दिले पाहिजेत. (कोडमध्ये तो फेब्रुवारी ‘१’ असतो, कारण जावास्क्रिप्ट महिने शून्यापासून मोजते. जानेवारी शून्य! याची सवय भल्याभल्यांना होत नाही.)

खरी कसोटी मात्र दिवसाच्या वाटण्या करताना लागते. इंग्रजीचं एएम-पीएमवर भागतं. मराठीला सकाळ, दुपार, सायंकाळ, रात्र सगळं हवं. पण दुपार सुरू कधी होते? आधीच्या मराठी फाइलमध्ये ती सकाळी दहालाच व्हायची, आणि पहाट तर नव्हतीच. नंतरच्या दुरुस्तीत दुपार बारावर गेली, पहाटही आली. फक्त तिला शून्य ते सहा हे सगळे तास मिळाले. सप्टेंबर २०२० मध्ये मोमेंट आता देखभालीपुरतीच राहील असं जाहीर झालं, नवी भर जवळपास थांबली. त्यामुळे मध्यरात्र उलटून अर्धा तास झाला, की मोमेंट ठणकावून सांगते: ‘पहाटे १२:३० वाजता’.