शिष्यवृत्तीचे खाते आणि केंद्रावरचा संगणक

शिष्यवृत्तीचे अर्ज भरायचे दिवस आले की दहिवडी, म्हसवडच्या ऑनलाइन सेवा केंद्रांवर विद्यार्थ्यांची गर्दी होते. बाबासाहेबांच्या पाठपुराव्यातून 1944 साली सुरू झालेली मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आता महाडीबीटीच्या संकेतस्थळावरून मागावी लागते. मुलगी गावाहून एसटीने येते. आधारला जोडलेला मोबाईल बापाच्या खिशात, आणि बाप मुंबईला कामावर! फोन लावायचा, त्याने उचलला तर ओटीपी मिळायचा, मग खाते उघडायचे. जातीचा दाखला स्कॅन होईपर्यंत पडद्यावर पुन्हा तोच प्रश्न. आपण कोण?

हा प्रश्न आमच्या समाजाला नवा नाही. 1901 साली याच सातारा जिल्ह्यात, दुष्काळी कामावर रोखपाल असलेल्या वडिलांकडे निघालेले लहानगे भीमराव मसूर स्टेशनावर उतरले. स्टेशनमास्तरने तुम्ही कोण म्हणून विचारले आणि उत्तर ऐकताच त्याचा चेहरा पालटला. गावगाड्याला आमची ओळख कधी विसरता आली नाही. संगणकाचे नेमके उलट आहे. संकेतस्थळाला स्वतःहून कोणाचीच आठवण राहत नाही. एक पान देऊन झाले की त्याच्या लेखी तुम्ही पुन्हा अनोळखी. त्यावर 1994 साली नेटस्केप कंपनीच्या लू माँटुली या अभियंत्याने तोड काढली. एकदा ओळख पटली की संकेतस्थळ ब्राऊझरला एक छोटी चिठ्ठी देते. सामान ठेवल्यावर हाती बिल्ला मिळतो, तशी. पुढच्या प्रत्येक पानाला ब्राऊझर ती दाखवतो. या चिठ्ठीला कुकी म्हणतात.

चिठ्ठी हरवली की आपण बाहेर. ती हरवते कशी? बहुतेक वेळा ब्राऊझरच्या सेटिंगमध्ये, सर्व खिडक्या बंद होताच साठवलेली माहिती पुसून टाका, असे कोणीतरी निवडून ठेवलेले असते. ते काढले की निम्मे दुखणे बरे होते. संगणक ‘साफ’ करणारी सॉफ्टवेअरे ही चिठ्ठी कचरा समजून झाडून टाकतात. जुन्या संगणकात आणखी एक गंमत असते. आतली नाण्याएवढी बॅटरी संपते आणि घड्याळ भलतीच तारीख दाखवू लागते. तारीख पुढे गेली तर चिठ्ठीची मुदत संपलेली ठरते, मागे गेली तर संकेतस्थळाचे सुरक्षा-प्रमाणपत्रच खोटे वाटू लागते. म्हणून आधी तारीख तपासा.

बँका आणि सरकारी संकेतस्थळे मात्र काही वेळ हालचाल दिसली नाही की स्वतःच बाहेर काढतात. तिथे कोणतेही सेटिंग चालत नाही, आणि ते योग्यच आहे. पण पानभर लिहिलेले जतन होण्याआधी दार लावू नये, एवढी तरी मागणी आमच्या विद्यार्थी संघटनांनी समाजकल्याणकडे लावून धरावी. ज्याच्या घरी स्वतःचा संगणक आहे त्याचे पंधरा मिनिटांनी बिघडत नाही. ज्याला सहाची एसटी गाठायची आहे त्याचे बिघडते.

आता याची दुसरी बाजू. खाते उघडे राहणे ही सोय स्वतःच्या यंत्रावर. केंद्रावरच्या संगणकावर तीच चिठ्ठी मागे राहिली तर तुमच्यानंतर खुर्चीत बसणाऱ्याला पासवर्डची गरजच उरत नाही. तुमचे आधार, तुमच्या बँक खात्याचा क्रमांक, तुमचा अर्ज, सगळे त्याच्यासमोर उघडे. केंद्रचालक भला माणूस असेलही. पण आपल्या हक्काची किल्ली कोणाच्या भलेपणावर टांगून का ठेवायची? पासवर्ड केंद्रचालकाच्या वहीत लिहून येणारी मुले आम्ही पाहतो. दुसऱ्या वर्षी तो पासवर्ड कुणालाच आठवत नाही, आणि मुलगा त्याच वहीकडे परत जातो. ही नव्या जमान्याची सावकारीच नव्हे काय?

तेव्हा केंद्रावर इनकॉग्निटो खिडकी उघडायला सांगा. तशा सगळ्या खिडक्या बंद केल्या की चिठ्ठी आपोआप नष्ट होते. ‘पासवर्ड जतन करू का’ असे विचारले की नाही म्हणा. उठण्याआधी लॉगआऊट करा आणि उतरवून घेतलेल्या दाखल्यांच्या फायली आपल्या हाताने पुसा. माणमधल्या ज्या बुद्धविहारांत अभ्यासिका आहे तिथे एक संगणक ठेवून प्रत्येक विद्यार्थ्यासाठी स्वतंत्र, पासवर्ड घातलेले वापरकर्ता खाते काढता येईल. खर्च फार नाही. एका जयंतीच्या डीजेहून नक्कीच कमी.

आणि ज्यांनी आधीच केंद्रावर आपले जीमेल उघडे ठेवले आहे त्यांनी आज रात्री मोबाईलवर गुगल खात्याचा सुरक्षा विभाग पाहावा. आपले खाते कोणकोणत्या यंत्रांवर उघडे आहे याची यादी तिथे असते, आणि अनोळखी यंत्राला तिथूनच बाहेर काढता येते. लगेच पासवर्डही बदलावा.