उच्च रक्तदाब आणि डावी जवनिका

महारोहिणीतील दाब वाढला की त्याविरुद्ध रक्त ढकलण्याचा भार डाव्या जवनिकेवर पडतो. भित्तीवरील ताण दाबाबरोबर वाढतो व जाडी वाढल्यास घटतो. म्हणूनच एरवी साधारण ६ ते १० मि.मी. असणारी भित्ती स्थूल होते. ही स्थूलता प्रारंभी उपकारक भासते. परंतु ताठरलेली जवनिका पूर्ण शिथिल होत नाही, तीत रक्त भरण्यास अधिक दाब लागतो आणि तो दाब मागे फुप्फुसांपर्यंत पोहोचतो. आकुंचन उत्तम असूनही जिना चढताना रुग्णास धाप लागते ती यामुळे.

ईसीजी निर्दोष आला म्हणून वैद्याने निश्चिंत राहू नये. स्थूलता इकोत अधिक खात्रीने दिसते. हृदयाग्राचा जोरकस, रेंगाळणारा ठोका हातास लागल्यास ती तपासणी अवश्य करवावी. (व्यानवायूशी याची तंतोतंत सांगड घालण्याचा मोह प्रस्तुत लेखकास नाही.) दाब दीर्घकाळ आटोक्यात राहिल्यास स्थूलता कमी होऊ शकते. आपल्याकडे येणारा रुग्ण मात्र पुष्कळदा चालू गोळ्या परस्पर बंद करूनच येतो. बीटा-रोधक वा क्लोनिडीन एकाएकी थांबविल्यास दाब उसळतो. सबब पहिल्याच भेटीत गोळ्यांची नावे विचारून घ्यावीत.