गुडघा, उशी आणि घाईची गोळी

सकाळी सात. आमच्या कडा गावात ज्यांच्या ‘वाट्या बदलल्यात’, म्हणजे गुडघ्याचा सांधा बदललाय, ते बहुतेक नगर-पुण्याहून ऑपरेशन करून येतात. पुढचे व्यायाम मी फिजिओथेरपिस्ट म्हणून घरी जाऊन घेतो. पहिलं घर वस्तीवर, धारा नुकत्याच काढून झालेल्या. आजी खाटेवर, आणि ऑपरेशनच्या गुडघ्याखाली मऊ उशी. सुनेनं मायेनं ठेवलेली.

“आवं डॉक्टर, उशी काढली की लई ठणकतंय.”

ठणकणारच. पण वाकल्या अवस्थेत राहिलेला गुडघा पुढं सरळ होत नाही आणि चाल कायमची लंगडी होते. उशी काढून टाचेखाली टॉवेलची गुंडाळी दिली. सुनेला आणखी एक काळजी होती : गुडघा गरम लागतो, बाहेरच्या बाजूला बधिर वाटतं. हे दोन्ही महिनोन् महिने राहू शकतं. चीर देताना कातडीची बारीक नस तुटते, त्याचा हा बधिरपणा. त्यासाठी झोप उडवून घेऊ नका.

साडेनऊ. घाबरायला हवं तिथं मात्र लोक निवांत असतात. दुसऱ्या घरी पोटरी सुजून टणक झालेली, आणि घरचे तेल लावून मालिश करतायत! मालिश आधी थांबवली. शिरेत रक्ताची गुठळी असेल तर ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्यांचं काय, विचारलं. पाकीट संपलं म्हणून बंद केल्या होत्या. ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांना तिथूनच फोन लावला. आजच नगरला डॉप्लर, म्हणजे शिरेची सोनोग्राफी, करायचं ठरलं. रेल्वेची वेळ बघत बसू नका म्हणालो. धाप लागली किंवा छातीत दुखलं, तर सोनोग्राफी राहू द्या, थेट मोठं हॉस्पिटल.

दुपारी दवाखाना. ऑपरेशनला सहा आठवडे झालेल्या एक बाई, गुडघा जेमतेम सत्तर अंशांपर्यंत वाकतो. सपाटीवर चालायला तेवढं पुरतं. जिना चढायला नव्वदच्या आसपास लागतो, खुर्चीतून हात न टेकता उठायला त्याहून जास्त. दुखतं म्हणून व्यायाम टाळलेले. वेदनाशामक गोळी व्यायामाआधी अर्धा तास घ्यायला सांगितली. तरी हलला नाही तर सर्जन भूल देऊन गुडघा वाकवतात, पण ते साधारण पहिल्या तीन महिन्यांतच नीट साधतं. सोबतचे काका दर वेळी ऐकवतात, “अटलजींचेपण बदलले होते!” खरं आहे : २००० आणि २००१ मध्ये, मुंबईच्या ब्रीच कँडीत, डॉ. चित्तरंजन राणावतांनी. पुढं ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्रानं कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर मर्यादा घातली. नेहमीचा कोबाल्ट-क्रोमचा गुडघा कराआधी ५४,७२० रुपयांवर आला. खर्च थोडा आवाक्यात आला. व्यायाम मात्र ज्याचा त्यानंच करायचा.

संध्याकाळी सहा. एका शेतकऱ्याच्या मुलाचा मेडिकलमधून फोन. वडिलांच्या ऑपरेशनला बारा दिवस झाले, पट्टी रोज ओली होते, कालपासून ताप. साखरही वाढलेली. “एखादी अँटिबायोटिक सांगा ना, कांद्याची काढणी चाललीय, माणूस रिकामं नाही.”

याच गोळीची मला सगळ्यात भीती वाटते. जंतुसंसर्ग शंभरात एखाद-दुसऱ्याला होतो. पण जंतू धातू-प्लास्टिकवर चिकट थर धरून बसतात, तिथं गोळीचा जोर चालत नाही. उलट ताप उतरतो, घरचे निर्धास्त होतात, आणि पुढं सांध्यातलं पाणी काढून तपासलं तर त्यात जंतू सापडत नाही. तो कोणता हेच कळलं नाही तर औषध कशावर द्यायचं? लवकर गेलं तर सांधा उघडून धुतात, मधलं प्लास्टिक बदलतात, धातू वाचू शकतो. उशीर झाला तर सगळाच सांधा काढायचा, औषधमिश्रित सिमेंट भरून काही आठवडे थांबायचं आणि मग नवा बसवायचा. म्हाताऱ्याचं वर्ष त्यात जातं, घरच्यांचे पैसेही.

“कसलीही अँटिबायोटिक घेऊ नका. ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांना फोन करा, फाईल घ्या, साखरेच्या गोळ्यांची चिठ्ठीही घ्या.”

“मग उद्या सकाळी निघतो.”

“कांदा दोन दिवस थांबेल. आत्ता गाडी बघा.”