ड्रायव्हरची जागा कर्नेलबाहेर

कर्नेलचा विषय निघाला की स्वतःला जाणकार म्हणवणारे एका वाक्यात निकाल देतात: मोनोलिथिक, म्हणजे ड्रायव्हरसकट सगळं आत ठेवणारा कर्नेल, जिंकला; मायक्रोकर्नेल, म्हणजे मोजकंच आत ठेवून बाकी बाहेर काढणारा, इतिहासजमा झाला. या निकालाशी मी वर्षानुवर्षं भांडत आलो आहे. डेस्कटॉपच्या कर्नेलची गेल्या तीस वर्षांची वाटचाल नेमकी उलटी साक्ष देते.

डॉस आणि विंडोज 95 चा काळ भराभर ओलांडू. 1993 मध्ये डेव्ह कटलर यांच्या चमूने विंडोज एनटी आणलं, तेव्हा पडद्यावर खिडक्या रेखाटण्याचं काम कर्नेलबाहेरच्या एका प्रोसेसकडे होतं. 1996 च्या एनटी 4.0 मध्ये वेगाच्या हव्यासापायी ते आत ओढलं गेलं. पुढे व्हिस्टाने डिस्प्ले ड्रायव्हरचा मोठा भाग पुन्हा बाहेर काढला, विंडोज 10 ने फॉन्ट उलगडण्याचं काम बाहेर नेलं. ॲपलनेही 2019 च्या कॅटालिनापासून ड्रायव्हर बाहेर लिहिण्याची सोय दिली. तरीही 19 जुलै 2024 ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-सॉफ्टवेअरच्या कर्नेलमधल्या ड्रायव्हरने एक सदोष फाइल वाचली आणि जगभरात सुमारे 85 लाख विंडोज संगणक कोसळले. तोच ड्रायव्हर बाहेर असता तर एक प्रोसेस मेली असती, यंत्र चालू राहिलं असतं.

'मायक्रोकर्नेल मंद असतो' हा आक्षेप मी असंख्य वेळा ऐकला आहे. मंद होता तो माक हा जुना मायक्रोकर्नेल. 1993 मध्ये योखेन लीडके यांनी 486 यंत्रावर दाखवून दिलं की माकला छोटा संदेश पोचवायला 115 मायक्रोसेकंद लागतात, तिथे त्यांच्या एल3 या मायक्रोकर्नेलला पाचच्या आसपास पुरतात. दोष कल्पनेत नव्हता, बांधणीत होता. त्यांच्याच परंपरेतल्या एसईएल4 ची अचूकता 2009 मध्ये गणिताने सिद्ध झाली. आणि हे सगळं परक्यांचंच होतं असंही नाही. पुण्याच्या सी-डॅकने परम 9000 साठी 'पारस' हा मायक्रोकर्नेल उभा केला होता. आज संगणकशास्त्राच्या किती विद्यार्थ्यांना ते नाव ठाऊक आहे?

 

आपल्या जिल्ह्यात लोणी, संगमनेर आणि कोपरगाव इथली अभियांत्रिकी महाविद्यालयं 1983 च्या लाटेत उभी राहिली. पुढच्या काळात शिकवताना आमच्या हाती टॅनेनबॉम यांचं मिनिक्स या शिकवण्यासाठीच्या ऑपरेटिंग सिस्टमचं पुस्तक होतं, ज्यात कर्नेलचा सोर्स छापलेला असे. वीज गेली की मुलं खिडकीशी बसून तीच पानं वाचत, समासात पेन्सिलीने प्रश्न लिहीत. बाख यांचं युनिक्सवरचं पुस्तक, आयआयटी मुंबईच्या धामधेरे सरांचं पुस्तक, सगळं फाटेपर्यंत फिरायचं. आता परीक्षेच्या आदल्या रात्री नोट्सची चार पानं उघडतात. शेड्यूलरच्या व्याख्या पाठ असतात; शेड्यूलरचा कोड कधी पाहिलेला नसतो. सोर्स पैशांशिवाय मिळू लागला तेव्हाच तो वाचणं थांबलं, याचं मला मनापासून दुःख आहे.

म्हणून लोणी, संगमनेर, कोपरगावच्या प्राध्यापकांना माझी विनंती आहे. येत्या सत्रात प्रत्येक विद्यार्थ्याकडून, ज्याचे ड्रायव्हर कर्नेलबाहेर चालतात त्या मिनिक्स 3 चा एक तरी ड्रायव्हर ओळ न् ओळ वाचून घ्या. मग तो चालू असतानाच मारायला सांगा आणि रीइन्कार्नेशन सर्व्हर त्याला परत कसा उभा करतो, ते त्यांच्याच पडद्यावर त्यांना पाहू द्या.